एन्क्लेक्सचा अभ्यास : क्लास लावू, नोकरी सोडू, की नुसते प्रश्न सोडवत बसू?

रातपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग पोस्ट बेसिक बीएस्सी. गेली आठ वर्षं पुण्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. एन्क्लेक्स-आरएनची (अमेरिकेत नर्स म्हणून परवाना मिळवायला जी परीक्षा लागते, तिची) कागदपत्रं एकदाची मार्गी लागली. परीक्षेची परवानगी, म्हणजे एटीटी, महिन्या-दीड महिन्यात येईल असं वाटतंय. सेंटर मुंबईचं घेणार. आता घोडं अडलंय अभ्यासावर.

एक ऑनलाइन क्लास पाहिलाय, सहा महिन्यांचा, फी पंचेचाळीस हजार. संध्याकाळी सात ते नऊ. माझ्या ड्यूट्या बघता निम्मे तास रेकॉर्डिंगच ऐकावं लागणार. दुसरा पर्याय म्हणजे प्रश्नपेढी विकत घ्यायची आणि घरीच सोडवायची. तिसरा, सरळ तीन महिने नोकरी सोडायची. नवरा म्हणतो सोड, सासूबाई म्हणतात हातची सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. मुलगी पाच वर्षांची आहे, सासूबाईच सांभाळतात, त्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे. :)

कुणी दिलीय का ही परीक्षा? नोकरी करून जमतं का?

ह्यूस्टनकर

रातपाळी, मला माझेच दिवस आठवले. मी २०१८ साली दिली. तेव्हा प्रश्न ७५ ते २६५ असायचे आणि वेळ सहा तास. १ एप्रिल २०२३ पासून नवी पद्धत आलीय : कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. सगळ्यांना मोजल्या जाणाऱ्या तीन केस स्टडी येतात, एकेकीत सहा प्रश्न. तेव्हा जुने व्हिडिओ आणि कुणाच्या तरी २०१९ च्या नोट्स यांच्यावर विसंबू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता देणार नाही. आधी एक काम कर. कुठल्याही चांगल्या प्रश्नपेढीतून १०० प्रश्न सोडव. सगळे विषय मिसळलेले, घड्याळ लावून, मध्ये पुस्तक न उघडता. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिही.

म : माहीतच नव्हतं.
व : वाचण्यात चूक झाली.
द : दोन पर्यायांपर्यंत आणलं आणि नेमका चुकीचा उचलला.

'म' जास्त निघाले तर क्लास किंवा पुस्तक. 'द' जास्त निघाले तर जगातला कुठलाही क्लास लावून उपयोग नाही, कारण तुला विषय येतोय, तुझा निर्णय चुकतोय. मी स्वतः क्लासला चार महिने घालवले आणि माझे निम्म्याहून जास्त 'द' होते. हे मला फार उशिरा कळलं.

कोकणकन्या

वाचनखूण साठवली.

ह्यूस्टनकर, म-व-द भारी आहे. फ्रीजवर चिकटवणार.

वऱ्हाडी सिस्टर

मी एकदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. म्हणून थोडं हक्काने बोलते.

पहिल्या वेळी ८५ वर कॉम्प्युटर बंद पडला आणि मी खुशीत बाहेर आली. सगळे म्हणत, ८५ वर थांबलं म्हणजे पास. असं काही नसते बापा! प्रत्येक उत्तरानंतर मशीन तुमची पातळी मोजत असते. तुम्ही पासाच्या रेषेच्या वर आहात की खाली, हे त्याला ९५ टक्के खात्रीने कळलं की ते थांबते. माझ्या बाबतीत त्याला लवकरच खात्री पटली, पण उलट्या बाजूने.

चुकत कुठं होती? ह्यूस्टनकर ताईंच्या भाषेत सगळे 'द'. एक उदाहरण देते. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेला पेशंट, तीन नळ्यांचा कॅथेटर, ब्लॅडर इरिगेशन (मूत्राशय पाण्याने धुणं) चालू. पिशवीत येणारं पाणी थांबलं, पोटात कळा येताहेत. पहिलं काय करणार? मी दोन पर्यायांवर आणलं : डॉक्टरांना कळवा, किंवा नळी कुठे दबली-मुडपली आहे का ते बघा. मी निवडलं डॉक्टरांना कळवा.

काऊन? कारण पंधरा वर्षं आपण तेच केलं. वॉर्डात काही झालं की पहिला फोन सरांना. नाही केला तर दुसऱ्या दिवशी राउंडला बोलणी. नळी मीही बघते हो, पण ते फोन करता करता, दुसऱ्या हाताने. परीक्षेला तो दुसरा हात दिसत नाही. तिथे नर्सने आपल्या अखत्यारीतलं काम आधी करायचं, मग फोन. पण हेही सरसकट नाही. रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजून पाठ दुखायला लागली, तर तपासत बसायचं नाही, आधी रक्त बंद. मग नवीन सेटवर सलाईन, मग डॉक्टर.

दुसऱ्या वेळी मी नवीन काहीच वाचलं नाही. फक्त प्रश्न. आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक ओळ लिहिली, हा आत्ता का नको. बरोबरचं कारण सगळेच वाचतात. चुकीचं का चूक, हे लिहायला बसलं की घाम फुटते.

ट्यूटरबाई

मी बत्तीस वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं, आता निवृत्त आहे. वरचे प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

अगं पोरींनो, 'नुसते प्रश्न सोडवा' हे तुम्ही एखाद्या आयसीयूतल्या मुलीला सांगताय, ठीक आहे. पण हा धागा उद्या दुसरी कुणी वाचेल, जिने नऊ वर्षं फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) काढली आहेत. तिला गरोदरपणातल्या मॅग्नेशियम सल्फेटची विषबाधा आठवणार आहे का? गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला की ड्रिप थांबवायची आणि कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं, हे तिने शेवटचं कधी पाहिलं? ती हजार प्रश्न सोडवील आणि हजार उत्तरं पाठ करील. पाया नसताना प्रश्न सोडवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं आहे.

म्हणून पहिले पाच-सहा आठवडे विषय वाचावेत, असं माझं मत आहे. वाचताना यादी छोटी ठेवा. पोटॅशियम ३.५ ते ५.०. लिथियम ०.६ ते १.२. वॉरफरिनवर साधारणपणे आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) २ ते ३. डिगॉक्सिन द्यायच्या आधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके), मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून कळवायचं, आणि पोटॅशियम कमी असेल तर डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. एवढं झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

ह्यूस्टनकर

बाई, तुमचं बरोबरच आहे. म्हणूनच आधी शंभर प्रश्न आणि मग निर्णय. ओटीवाल्या मुलीचे 'म'च भरपूर निघतील, तिने खुशाल क्लास लावावा.

औषधांचं एक राहिलं. परीक्षेत जेनेरिक नावं असतात आणि तीही अमेरिकन. आपल्याला 'एमसेट', 'पेरिनॉर्म', 'डायटोर' तोंडपाठ, पण आत काय आहे विचारलं की गडबड. जेनेरिक येत असलं तरी नाव वेगळं : आपलं पॅरासिटामॉल म्हणजे त्यांचं अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्बुटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन. मी इकडे पहिल्यांदा 'ग्लायब्युराइड' वाचलं तेव्हा मला ते नवीनच औषध वाटलं होतं. औषधांवर साधारण १३ ते १९ टक्के प्रश्न असतात, म्हणजे हे दुर्लक्ष परवडणारं नाही. ड्यूटीवर जे औषध हातात येईल त्याच्या पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचायचं. फुकटचा अभ्यास.

साधा माणूस

मिठाचा खडा टाकतो, राग नसावा. माझी बायको नर्स आहे, चार वर्षांपूर्वी पास झाली. अजून आम्ही ठाण्यातच आहोत. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ ची (नर्सेसना ज्यातून ग्रीन कार्ड मिळतं त्या गटाची) रांग दशकभराहून जास्त मागे आहे. एजंट लोक हे आधी सांगत नाहीत. आमच्या एजंटने 'दीड वर्षात तुम्ही तिकडे' असं छातीठोक सांगितलं होतं. नोकरी सोडून अभ्यास करण्याआधी हे गणित मांडा.

कोकणकन्या

@साधा माणूस, अगदी खरं, पण ही परीक्षा फक्त अमेरिकेपुरती राहिलेली नाही. कॅनडात बहुतेक प्रांतांत नर्सेसना २०१५ पासून हीच द्यावी लागते. ऑस्ट्रेलियातही २०२० पासून बाहेरून शिकून आलेल्या बऱ्याच जणींना आधी एन्क्लेक्स आणि मग तिकडे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा असा रस्ता आहे. मी त्याच रस्त्यावर आहे.

आता रातपाळीसाठी अभ्यासाच्या बाहेरचं पण महत्त्वाचं. नाव! माझी पहिली तारीख नावापायी गेली. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं आणि मध्ये नवऱ्याचं नाव. अर्ज मी माहेरच्या नावाने केला, त्यामुळे एटीटीवर तेच आलं. सेंटरला ओळखीसाठी पासपोर्ट लागतो आणि त्यावरचं नाव एटीटीशी जुळावं लागतं. परत पाठवलं. फी २०० डॉलर, वर अमेरिकेबाहेरच्या सेंटरचे १५० डॉलर, सगळं पाण्यात. चूक माझीच होती, पण आपल्याकडे लग्नानंतर किती जणींची कागदपत्रं दोन नावांत असतात बघा. तुमचं आजच तपासून घ्या.

रातपाळी

सगळ्यांचे आभार! कोकणकन्या, तुझी पोस्ट वाचून आधी कपाटातला पासपोर्ट काढला. जुळतंय. हुश्श.

साधा माणूस, रांगेची कल्पना आहे. घरी बोलणं झालंय. तरीही द्यायची आहे.

ह्यूस्टनकर ताई, शंभर प्रश्न सोडवले. रविवारी दुपारी, मुलीला तिच्या बाबांबरोबर बागेत पाठवून. ४१ चुकले. म ९, व १२, द २०.

मला वाटत होतं आपला पाया कच्चा आहे, म्हणून क्लास हवा. 'म' तर सर्वांत कमी निघाले. त्या नवांतले पाच मानसोपचाराचे आणि तीन लहान मुलांचे, म्हणजे जिथे मी कधी काम केलं नाही तिथले. आयसीयूचे विषय असूनही तिथले सहा 'द' आहेत, याची लाज वाटली.

'व'चं काय करू? बाराचा आकडा बघून धक्काच बसला.

वऱ्हाडी सिस्टर

लाज कशाची त्यात. आयसीयूवाल्यांचेच जास्त चुकतात, कारण त्यांना पुढचं सगळं दिसते. प्रश्नात नसलेला एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) पण दिसते. :D जेवढं लिहिलं तेवढंच बघायचं. प्रश्नातल्या हॉस्पिटलात एकच पेशंट असतो, स्टाफ भरपूर असतो, सामान संपत नाही. आपलं वॉर्ड बाहेर चपलांसोबत काढून ठेवायचं.

आणि कामवाटपाचे प्रश्न वेगळे घोटून घे. तिकडे आरएन (नोंदणीकृत नर्स), त्याखाली एलपीएन (कमी शिक्षणाची परवानाधारक नर्स), त्याखाली मदतनीस, अशी उतरंड आहे. पहिलं मूल्यमापन, शिकवणं आणि निर्णय हे आरएनने कुणाला द्यायचे नाहीत. स्थिर, ठरावीक मार्गाने बरा होणारा पेशंट एलपीएनला. स्थिर पेशंटचे व्हायटल्स, अंघोळ, चालवणं मदतनिसाला. आपल्याकडे मावशी एनीमा देते, नवीन पोरगी इंजेक्शन देते आणि सिस्टर रजिस्टर भरत बसते. त्या सवयीने उत्तर दिलं की गेलं. हा 'मॅनेजमेंट ऑफ केअर'चा भाग १५ ते २१ टक्के आहे, बाकी कशाहून मोठा.

ट्यूटरबाई

तुझ्या 'व'बद्दल मी सांगते, कारण माझ्या वर्गात हेच होतं. आपल्या मुली इंग्रजी वाचतात, मनात मराठी करतात आणि मराठी करताना एक शब्द गळतो. गळणारे शब्द ठरलेले असतात. 'फर्स्ट', 'एक्सेप्ट', 'इनिशियल', आणि सर्वांत फसवं म्हणजे 'फर्दर टीचिंग इज नीडेड'. पेशंटच्या कुठल्या बोलण्यावरून त्याला अजून शिकवायची गरज आहे असं वाटतं? म्हणजे उत्तर म्हणून चुकीचं वाक्य शोधायचं. मुली पहिलं बरोबर वाक्य दिसलं की त्यावर टिक करून मोकळ्या.

उपाय बाळबोध आहे. पर्याय बघण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ वाच आणि 'मला काय शोधायचंय' हे मनात मराठीत म्हण. 'चुकीचं वाक्य शोधायचंय.' 'सर्वांत आधी कुणाला बघायचंय.' एवढंच. बाकीचं भाषांतर करू नकोस.

आणि क्लास लावू नकोस. (हो, मीच म्हणतेय.) मानसोपचार आणि बालरोग एवढे दोनच विषय नीट वाचून काढ. तेवढ्यासाठी पंचेचाळीस हजार नकोत.

कोकणकन्या

बाईंना अनुमोदन. मानसोपचारात 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' असा पर्याय दिसला की तो आधी खोडायचा. आपण घरी दिवसभर हेच बोलतो, म्हणून ते गोड वाटतं. 'असं का वाटतं तुम्हाला?' हा 'का'वालाही खोडायचा. पेशंटला बोलतं ठेवणारा पर्याय उरतो.

साधा माणूस

बायको शेजारी बसून वाचतेय. ती म्हणते, 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात हावरटपणा करू नका. नव्या पद्धतीत अर्धवट उत्तरालाही गुण आहेत, पण चुकीची टिक बरोबर टिकेचा गुण खाते. शून्याखाली जात नाही एवढंच. खात्री असेल तेवढ्यावरच टिक. आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडताही येत नाही.

ह्यूस्टनकर

वहिनींना नमस्कार सांगा.

रातपाळी, मग नोकरीचं काय ठरवलंस?

रातपाळी

(पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, सॉरी. मध्ये मुलीला ताप, मग ड्यूट्या.

क्लास लावला नाही. तीन महिन्यांसाठी यूवर्ल्डची प्रश्नपेढी घेतली. मानसोपचार आणि बालरोग बाईंनी सांगितल्याप्रमाणे कॉलेजच्याच पुस्तकांतून वाचले, दोन आठवडे. आता रोज ५० प्रश्न. आधी ७५ करत होते, पण स्पष्टीकरणं वाचायला वेळ उरायचा नाही. आता सोडवायला एक तास आणि वाचायला दोन.

या आठवड्यातल्या ३५० प्रश्नांत ९७ चुकले. म २२, व ११, द ३३.

बेरीज जुळत नाही ना? मला एक नवीन अक्षर काढावं लागलं. झ. झोपेत. नाइटवरून आल्यावर सकाळी नऊला जे प्रश्न सोडवले त्यांतले ३१ असे आहेत की दुपारी उठून वाचले तर प्रश्न वाचताक्षणी उत्तर कळलं. हे ना म, ना व, ना द. पाच आठवडे मी यांनाच 'द' समजून डोकं फोडत होते.

मग नोकरी सोडायच्या ऐवजी सरळ इनचार्ज सिस्टरांकडे गेले आणि दोन महिने नाइट बदलून मागितल्या. त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दिवाळीची ड्यूटी तू करायची. केली कबूल. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, एवढंच होतं तर तीन महिने घर का डोक्यावर घेतलंत दोघांनी?

आता पहाटे साडेचार ते साडेसात अभ्यास, मग ड्यूटी. घरी आल्यावर फक्त चुकांची वही.

वऱ्हाडी सिस्टर

'झ'! हे माझ्याकडून राहूनच गेलं होतं. माझा पहिला पेपर मी नाइट संपवून रेल्वेत बसून येऊन दिला होता. आता कळलं.

ट्यूटरबाई

पहाटेची सवय लागली असेल तर परीक्षेची वेळही सकाळचीच घे. आणि आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम कर, एक्स्प्रेसवेच्या भरवशावर राहू नकोस.

रातपाळी

एटीटी आला! त्यावर तीन महिन्यांची मुदत आहे. सातव्या आठवड्यातली सकाळची वेळ घेतली, मामाकडे मुलुंडला उतरणार आहे. दोन-तीन बारीक गोष्टी विचारायच्या होत्या. पाच तासांत उठता येतं का? कच्च्या कामाला कागद देतात का? आणि आत एसी फार असतो असं ऐकलंय, शाल चालेल का?

ह्यूस्टनकर

उठता येतं. पहिल्या दोन तासांनंतर सुटी विचारतात, नंतर साडेतीन तासांनी परत, पण घड्याळ चालूच असतं. तरी घे. आत-बाहेर करताना दर वेळी तळहात स्कॅन होतो, त्याला घाबरू नकोस. कागद नाही, पुसता येणारी पाटी आणि पेन मिळतं, कॅल्क्युलेटर स्क्रीनवर असतो.

शाल नको. कोट, मफलर, टोपी आत नेऊ देत नाहीत, शालीवरून उगाच वाद नको. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घाल, मोजे घाल.

साधा माणूस

मुलुंड म्हणजे आमच्या अगदी शेजारी. आदल्या संध्याकाळी जेवायला या, बायको म्हणतेय. अभ्यासाचं बोलणार नाही असं तिने कबूल केलंय.